ओळीनं दोन गायी गाभडल्या, तपासणीत ब्रुसेला (गुरांत गर्भपात घडवणारा सांसर्गिक रोग) निघाला. आता या गायींचं करायचं काय?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. पादरा रस्त्याला आमची सामाईक शेती आहे. काका आणि चुलतभाऊ तिथं गोठा सांभाळतात, मी वडोदऱ्यात राहून हिशेब आणि दाणापाण्याचं बघतो. एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित सात, गीर दोन, सुरती म्हशी तीन आणि लहान कालवडी-पारड्या. दूध गावच्या सहकारी दूध मंडळीत भरतो, थोडं घरी येतं.

पावसाळ्यात एक एचएफ सातव्या महिन्यात गाभडली. शिंग लागलं असेल, घसरली असेल, असं सगळ्यांनी म्हणून झालं. मग दुसरी गाभडली, तिचाही सातवा संपत आलेला. तिसरी दिवस भरून व्याली, पण वार (गर्भाचं वेष्टन) पडली नाही आणि वासरू मरतुकडं निघालं. पशुवैद्यांनी सगळ्यांचं रक्त घेतलं. ‘रोज बंगाल’ नावाच्या रक्तचाचणीत चार जनावरं पॉझिटिव्ह आली, एलायझा या दुसऱ्या चाचणीतही तीच चार. त्यात या तिघी आहेतच. चौथी गीर आहे. ती कधी गाभडली नाही, कधी आजारी पडली नाही, गोठ्यात दिसायला सगळ्यात धट्टीकट्टी तीच.

घरात दोन तट पडलेत. चुलतभाऊ म्हणतो, दूध चांगलं आहे तोवर बाजारात काढू, गाभडल्याचं बोलायचं नाही. काका म्हणतात, इंजेक्शनचा कोर्स करा, गाय बरी होते, पूर्वीपासून असंच चालत आलंय. शिवाय गोठ्यावरच्या गड्याला बरेच दिवस ताप येतोय. सकाळी बरा असतो, संध्याकाळी अंग तापतं, रात्री घामानं कपडे भिजतात, कंबर धरलेली. गाभडलेली दोन्ही वासरं आणि अडकलेली वार त्यानंच काढली, हातानं.

जाणकारांनी सांगावं: औषधानं गाय बरी होते का? दूध वापरायचं का? आणि विकायची नाही तर ठेवायची कशी?

सावलीवाला

गायीचं मागाहून बघू. गड्याला आधी दवाखान्यात न्या. आणि "गोठ्यातल्या गायींना ब्रुसेला निघालाय" हे डॉक्टरला पहिलं वाक्य म्हणून सांगा. नाहीतर विडाल (टायफॉइडची चाचणी) करून टायफॉइडच्या गोळ्या घेऊन परत येईल.

निवृत्त_पशुवैद्य

सावलीवाल्यांचं शंभर टक्के बरोबर. नोकरी सगळी चरोतर आणि वडोदरा जिल्ह्यात झाली, आता मांजलपूरला घरी बसून असतो, त्यामुळे सविस्तर लिहितो.

सुरुवात तुमच्या धट्ट्याकट्ट्या गीरपासून करतो, कारण लोक फसतात ते तिथं. गाभण गायीच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक साखर असते, ती ब्रुसेला अबॉर्टसला फार मानवते. म्हणून हा जंतू तिथं वाढतो आणि गर्भ साधारण शेवटच्या तीन-चार महिन्यांत पडतो. पण बहुतेक गायी एकदाच गाभडतात. पुढच्या वेताला दिवस भरून वितात आणि मालक म्हणतो, झाली बरी! बरी काही झालेली नसते. कासेत आणि कासेच्या वरच्या लसिकाग्रंथींत जंतू मुक्काम करून राहतो. दुधातून आणि प्रत्येक विण्यानंतरच्या स्रावातून तो बाहेर पडतो, कधी कमी कधी जास्त, आणि पुष्कळदा जन्मभर. तुमची गीर अशीच असू शकते. कदाचित गोठ्यात रोग तिच्यापासून आला असेल, कदाचित तिला इतरांपासून लागला असेल. चाचणी तेवढं सांगत नाही.

औषधाचं. हा जंतू शरीराच्या पेशींच्या आत शिरून बसतो. ऑक्सिटेट्रासायक्लिनचे लांबलचक कोर्स दिले तरी गाय जंतुमुक्त झाली असं कोणी लिहून देणार नाही. खर्च जातो, औषधाचा अंश दुधात उतरतो, आणि "कोर्स झालाय" या भरवशावर तीच गाय दुसऱ्याच्या दावणीला जाते. काकांना माझा नमस्कार सांगा, पण यात ते चुकताहेत.

विकण्याचं तर नावच काढू नका. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्याच्या अनुसूचीत गोवंशातला ब्रुसेलोसिस आहे. मालकानं रोगाची खबर देणं, रोगी जनावर वेगळं ठेवणं, बाजारात न नेणं हे त्यात लिहिलेलं आहे. पण कायदा बाजूला ठेवून सांगतो: माझ्या पाहण्यात हा रोग एका गावातून दुसऱ्या गावात वाऱ्यानं गेला नाही, टेम्पोत उभा राहून गेला. कुणीतरी गप्प राहून विकलेली गाभण गाय, एवढंच त्याचं वाहन.

वाघोडियाचा_गोठा

डॉक्टरसाहेब, रागावू नका, पण हे सगळं सांगायला सोपं आहे. कत्तल आपल्याकडे होत नाही. पांजरापोळवाले विचारतात गाय कशी आहे, खरं सांगितलं तर तोंड फिरवतात. बाजारात न्यायची नाही. भरपाई कोणी देत नाही. मग ऐंशी हजाराची गाय दारात बांधून नुसतं दाण घालत बसायचं? ज्याचं कर्ज आहे तो काय करेल ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. परदेशात पॉझिटिव्ह निघाली की मारतात आणि सरकार पैसे देतं. तिथं रोग संपला यात नवल काय?

निवृत्त_पशुवैद्य

रागावत नाही. या धाग्यातला खरा प्रश्न हाच आहे आणि सरकारी पत्रकांत त्याचं उत्तर नसतं.

ऑस्ट्रेलियानं तपासा-आणि-कापा हा मार्ग धरला, भरपाई दिली, वर्षानुवर्षं नेटानं चालवला आणि १९८९ मध्ये गायींतल्या ब्रुसेला अबॉर्टसपासून देश मुक्त जाहीर केला. आपल्याकडे तो रस्ता बंद. गुजरातचा प्राणीरक्षणाचा कायदा १९५४ चा, २०१७ च्या दुरुस्तीनंतर गोवंश कापल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तो असावा की नसावा हा या धाग्याचा विषय नाही, कृपया कोणी फाटे फोडू नका. पण याचा अर्थ असा की पॉझिटिव्ह गाय आपल्यात राहणार. ती उघडपणे, माहीत असून राहणार, की लपूनछपून बाजारातून फिरणार, एवढंच आपल्या हातात उरतं.

आणि ती गाय कवडीमोलाची झाली हे मला मान्य नाही. ती दूध देते. डेअरीत दूध ७२ अंशावर १५ सेकंद तापवतात, त्यात ब्रुसेला टिकत नाही, म्हणून पिशवीतलं दूध घेणाऱ्याला धोका नाही. मंडळीच्या सेक्रेटरीला आणि दूध संघाच्या पशुवैद्याला चाचणीचे निकाल दाखवा, ते सांगतील तसं वागा. धोका आहे तो कच्चं दूध पिणाऱ्याला, आणि त्याहून मोठा बाळंतपण करणाऱ्याला.

ठेवायची कशी, तर गोठ्याचे दोन भाग करायचे. पॉझिटिव्ह चौघी एका टोकाला, शेणामुताचा उतार निरोगी जनावरांकडे न जाणारा. त्यांची धार शेवटी काढायची, बादल्या वेगळ्या. विण्याची जागा तर वेगळी हवीच, कारण एका गाभडलेल्या गर्भात आणि वारेत इतके अब्जावधी जंतू असतात की वर्षभराच्या दुधाचं त्यापुढं काही नाही. वळू लावायचा नाही, कृत्रिम रेतनच. चांगल्या वीर्यकेंद्रांत वळूंची ब्रुसेलासाठी नियमित तपासणी होते, गावात मोकाट फिरणाऱ्या सांडाची कोण करतं? जी जनावरं निगेटिव्ह आली ती आज निगेटिव्ह आहेत, एवढंच समजा. रोग अंगात मुरत असताना चाचणी चुकते. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त, आणि प्रत्येक गाभण गायीचं ती व्याल्यानंतर पुन्हा. सलग निगेटिव्ह येईपर्यंत हे चालू ठेवायचं.

कंटाळवाणं आहे. मला माहीत आहे.

गीर_अमृत

सगळं वाचलं. आपल्याकडे हजारो वर्षं धारोष्ण दूध पितात, आयुर्वेदात त्याची स्तुती आहे. हे संकरित जनावर आल्यापासूनचे रोग आहेत. देशी गायीत प्रतिकारशक्ती असते. आम्ही शहरात काचेच्या बाटलीत न तापवलेलं ए-टू दूध पोचवतो, गोत्री-अलकापुरीतली कुटुंबं वर्षानुवर्षं घेतात, कोणालाही काही झालेलं नाही. दूध उकळलं की त्यातलं जिवंतपण जातं.

निवृत्त_पशुवैद्य

धागाकर्त्याची चौथी पॉझिटिव्ह गाय गीर आहे. पहिली पोस्ट पुन्हा वाचा.

गीर, कांकरेज, सुरती म्हैस, शेळी, मेंढी, कोणीही यातून सुटलेलं नाही. ए-टू हे दुधातल्या एका प्रथिनाच्या प्रकाराचं नाव आहे, त्याचा जंतूशी संबंध नाही. तुमच्या गोठ्यातल्या सगळ्या गायींची वर्षातून दोनदा तपासणी होते का, आणि त्याचे कागद तुम्ही गिऱ्हाइकाला दाखवता का, एवढं सांगा. होत असेल तर मी तुमचा मान ठेवीन, तरी दूध उकळूनच पिईन.

डॉ_फतेगंज

मी माणसांचा डॉक्टर, मेडिसिन. कच्च्या दुधाबद्दल एक जुनी गोष्ट आठवली. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना वर्षानुवर्षं एक चिवट ताप यायचा. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूसनं त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडलं. थेमिस्टोक्लिस झॅमिट या तिथल्याच डॉक्टरनं दाखवलं की दिसायला ठणठणीत असलेल्या शेळ्यांच्या दुधातून. त्याच वर्षी माल्टाच्या शेळ्या घेऊन एक जहाज अमेरिकेला निघालं, वाटेत खलाशांनी कच्चं दूध प्यायलं आणि त्यातले बरेच आजारी पडले. सैन्यानं शेळीचं दूध बंद केल्यावर ताप झपाट्यानं कमी झाला. "कोणालाही काही झालेलं नाही" हे वाक्य माल्टाच्या गवळ्यांनीही म्हटलं असेल.

आता तुमच्या गड्याबद्दल. नेट बघून निदान करत नाही, पण तुम्ही लिहिलेलं वर्णन बोलकं आहे: येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम, कंबर आणि सांधे, आणि गाभडलेल्या जनावराशी थेट संपर्क. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी काही महिनेही लागतात. पुरुषांत कधी अंडकोष सुजतो. मणक्यात बसला तर माणूस टीबी समजून महिनोन् महिने फिरतो. पुष्कळांना नुसता थकवा आणि उदासपणा येतो, आणि घरचे म्हणतात कामचुकार झालाय.

तपासणी म्हणजे ब्रुसेलाचं अॅग्लुटिनेशन (रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी), शक्य असेल तर ब्लड कल्चर (रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं). औषध सुरू होण्याआधी रक्त द्यायचं. उपचार दोन अँटिबायोटिकचा असतो: डॉक्सिसायक्लिन सहा आठवडे, जोडीला रिफॅम्पिसिन सहा आठवडे किंवा स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दोन-तीन आठवडे. रिफॅम्पिसिन टीबीचंही औषध आहे, म्हणून आधी टीबी नाही याची खात्री केल्याशिवाय ते सुरू करत नाहीत. मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नका. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: आठ-दहा दिवसांत ताप उतरतो, माणूस कामाला लागतो, गोळ्या बंद करतो. मग उलटतो. सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे. तेवढी औषधं त्याच्या हातात पडतील हे मालकानं बघायचं, खर्चही मालकानं करायचा, असं माझं मत.

घरातली माणसंही तपासा. माणसापासून माणसाला सहसा लागत नाही, पण त्याच गोठ्यात वावरणारी, तेच दूध पिणारी बाकीची आहेत की.

लॅबवाला_राव

डॉक्टरांच्या पोस्टला पुरवणी. कल्चरला पाठवताना फॉर्मवर "ब्रुसेला संशयित" असं ठळक लिहायला सांगा. हा जंतू सावकाश वाढतो, न सांगितलं तर बाटली लवकर काढून टाकली जाते. दुसरं कारण आमच्या जिवाचं आहे. उघड्या टेबलावर काम केलं तर श्वासातून लागतो. चीनमधल्या लान्झोऊत २०१९ मध्ये जनावरांची ब्रुसेलाची लस बनवणाऱ्या कारखान्यातून जंतू हवेत सुटले, कारण मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं होतं. दहा हजारांहून जास्त माणसांना लागण झाली. त्यांनी ना गाय पाहिली होती ना दूध प्यायलं होतं.

डभोईची_काकू

मी सहा म्हशी सांभाळते, त्यामुळे दोन शब्द बायकांच्या बाजूनं. वर सगळे गडी-गडी म्हणताहेत, पण आमच्याकडे विणं, वार, शेण, धार हे सगळं बायकाच करतात. घरात गाभणी म्हैस अडली की पहिली हाक सुनेला. माझी सून पोटुशी होती तेव्हा मी तिला गोठ्याच्या दाराशी येऊ दिलं नाही, सासऱ्यांनी कितीही तोंड केलं तरी. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की गरोदर बाईला या रोगानं गर्भपाताचा धोका असतो, आणि औषधं देणंही अवघड होतं.

खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे रेतन करणाऱ्या भाऊंकडे असतात, ते मागून ठेवते. तोंडावर ओढणी नाही, मास्क. डोळ्याला चष्मा, कारण पाणी फुटलं की शिंतोडे उडतात. वार उकिरड्यावर टाकायची नाही, कॅनॉलमध्ये तर मुळीच नाही. आमच्याकडे नर्मदा कॅनॉल जवळ, लोक बिनदिक्कत टाकतात आणि त्याच पाण्यावर खालच्या गावची गुरं येतात. मी पुरुषभर खड्डा करवते, खाली चुना, वर चुना, मग माती आणि वरून बाभळीच्या काट्या. कुत्री उकरतात हो. कुत्र्यानं वार खाल्ली की ते गावभर घेऊन फिरतं, आणि कुत्र्यालाही लागतं म्हणतात.

एक विचारायचं होतं. आमच्याकडे म्हैस व्याली की चीक शेजारीपाजारी वाटतात, खरवस होतो. शिवाय श्रावणात अभिषेकाला आणि सत्यनारायणाच्या पंचामृताला कच्चंच दूध लागतं, तीर्थ म्हणून सगळे घेतात. त्याचं काय?

डॉ_फतेगंज

काकू, तुम्ही मला दवाखान्यात कोणी विचारत नाही ते विचारलंत.

खरवस वाफेवर नीट शिजलेला असेल, मधेसुद्धा घट्ट झालेला, तर काळजी नको. चीक कच्चा चाटून बघायचा नाही, मुलांना द्यायचा नाही, आणि ज्या भांड्यात तो आणला ते गरम पाण्यानं धुवायचं. ज्या म्हशीला तपासणीत रोग निघालाय तिचा चीक वाटू नका, हे वेगळं सांगायला नको.

पंचामृताला दूध उकळून गार करून घ्या, नाहीतर पिशवीतलं घ्या. शंभर माणसांच्या ओंजळीत कच्चं दूध घालणं मला वैद्य म्हणून पटत नाही. गुरुजी काय म्हणतात ते त्यांना विचारा, माझ्या माहितीतले तरी दोघे काही बोलले नाहीत. पिंडीवर घालायचं आणि कोणी प्यायचं नसेल तर मला काही म्हणायचं नाही, फक्त घालणाऱ्यानं हात धुवावेत.

दही, ताक, पनीर, तूप घरी तापवलेल्या दुधाचं होतं म्हणून ठीक. कच्च्या दुधाचं लोणी काढत असतील तर ते नको. आंबट झालं की जंतू मरतो या भरवशावर राहू नका.

वाघोडियाचा_गोठा

काकूंचा खड्डा वाचून बरं वाटलं. पण लसीचं कोणी बोलेना. टॅग मारायला येतात, लस टोचून जातात, ती कसली?

निवृत्त_पशुवैद्य

दोन वेगळ्या लसी. वर्षातून दोनदा सगळ्या जनावरांना टोचतात ती खुरकूताची. ब्रुसेलाची फक्त माद्यांना, चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना, जन्मात एकदा. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेहून जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला त्यात या दोन्ही रोगांचा समावेश आहे, लस फुकट आहे, कानातल्या बारा आकडी टॅगवर तिची नोंद होते. तुमच्या कालवडीची झाली का ते त्या नंबरवरून कळतं.

लस म्हणजे स्ट्रेन १९. जॉन बक या अमेरिकन माणसानं १९२३ मध्ये एका जर्सी गायीच्या दुधातून हा वाण वेगळा केला, तो पुढं आपोआप सौम्य झालेला आढळला. ती जिवंत लस आहे, हे विसरायचं नाही. गाभण गायीला दिली तर गाभडू शकते. खोंडाला दिली तर अंड सुजतं. मोठ्या गायीला दिली तर पुढं चाचणीत लसीमुळे पॉझिटिव्ह की रोगामुळे हे कळेनासं होतं. आणि टोचणाऱ्याच्या बोटात सुई गेली किंवा डोळ्यात थेंब उडाला तर त्यालाच ब्रुसेलोसिस होऊ शकतो. कालवड नीट जखडून धरा, तुमच्या ढिलाईचं फळ त्या बिचाऱ्या लसटोच्याला भोगावं लागतं. सुई लागलीच तर त्याच दिवशी डॉक्टर.

लस रोग झालेल्याला बरं करत नाही आणि शंभर टक्के संरक्षणही देत नाही. पण गाभडणं पुष्कळ कमी होतं, आणि गाभडणं कमी म्हणजे जंतूंचा पूर कमी. एका गोठ्यानं करून भागत नाही. अख्ख्या गावाच्या कालवडी दरवर्षी टोचल्या गेल्या तर काही वर्षांत फरक दिसतो. आणंदकडे एनडीडीबीनं (राष्ट्रीय डेअरी विकास मंडळानं) लसीकरण, तपासणी आणि करमसदच्या मेडिकल कॉलेजला धरून माणसांची तपासणी असं एकत्र काम केलेलं आहे. गुरांचा डॉक्टर आणि माणसांचा डॉक्टर एकमेकांना फोन करतात, एवढी साधी गोष्ट, पण माझ्या नोकरीत ती फारशी पाहिली नाही.

मध्यस्थ

"गीर_अमृत" यांच्या पुढच्या दोन पोस्ट जाहिरात म्हणून काढल्या आहेत. तपासणीचे कागद टाकायचे असतील तर स्वागत.

दांडियाबाजारकर

सगळ्यांचे आभार. आतापर्यंतची हकिगत लिहितो.

गड्याचं अॅग्लुटिनेशन पॉझिटिव्ह आलं. छातीचा एक्स-रे आणि बाकी तपासण्या होऊन टीबी नाही असं ठरलं, मग दोन्ही औषधं चालू झाली. पगार चालू आहे, गोठ्यात सध्या येत नाही. त्याच्या बायकोला लक्षणं नाहीत, तरी रक्त दिलंय. आमच्या घरात काका सोडून सगळ्यांनी तपासणी केली. काका म्हणतात, मला या वयात काय होणार.

गायी विकत नाही असं ठरलं. चुलतभावाला कायद्यानं नाही पटलं, गड्याचा रिपोर्ट बघून पटलं. मधोमध भिंत घातली, चौघी पश्चिमेला. मंडळीला कळवलं. सेक्रेटरींनी आधी "कशाला बोभाटा करता" म्हटलं, मग संघाचे डॉक्टर स्वतः येऊन इतर चार घरांची रक्तं घेऊन गेले. त्यावरून गावात दोघांनी आमच्याशी बोलणं टाकलंय.

आता प्रश्न. आमच्याकडे तीन कालवडी आहेत. दोन सहा महिन्यांच्या, त्यांना लस मिळेल. तिसरी अकरा महिन्यांची, तिचं राहून गेलं, टॅगवर नोंद नाही, आणि तिची आई त्या चौघींतलीच एक. तिला आता लस टोचून घेऊ का?

निवृत्त_पशुवैद्य

नको. स्वतःच्या मनानं नको. तिची आता चाचणी करा, पण निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नका. पॉझिटिव्ह आईच्या पोटची काही वासरं जन्मतःच जंतू बाळगून असतात आणि चाचणीत दिसत नाहीत. पहिल्यांदा गाभण राहून व्याली किंवा गाभडली की मग कळतं. तोवर ती चौघींच्या बाजूला नको आणि निरोगींच्या बाजूलाही नको, मध्ये ठेवा. पहिलं विणं वेगळ्या जागी, हातमोजे घालून, आणि नंतर पुन्हा रक्त.

भिंत घातलीत ते उत्तम. कडेचा नाला मात्र बघा, पावसात पश्चिमेचं पाणी पूर्वेला येता कामा नये. जुनी जमीन खरवडून चुना मारा. ऊन जितकं आत येईल तितकं येऊ द्या, ओल्या सावलीत हा जंतू महिनोन् महिने जगतो, कडक उन्हात लवकर मरतो.

बोलणं टाकणाऱ्या दोघांच्या गोठ्यात कोणी गाभडलं आहे का, हे मला विचारावंसं वाटतं.

दांडियाबाजारकर

एकाकडे, हो. गेल्या वर्षी.

सावलीवाला

भाऊ, एक राहिलं. गेल्या एक-दोन वर्षांत तुमच्या गोठ्यातून कोणाला जनावर गेलंय का?

दांडियाबाजारकर

गेलंय. जी गाय पहिल्यांदा गाभडली तिचीच आधीची कालवड, करजणच्या एका ओळखीच्यांना दिली होती. तेव्हा गोठ्यात काहीच घडलेलं नव्हतं. आता ती गाभण असेल.

निवृत्त_पशुवैद्य

आजच फोन करा. "कदाचित काही नसेल, पण रक्त तपासून घ्या" एवढंच बोला, पैशाचं नंतर बोलता येईल. १९६२ या नंबरवर फोन केला तरी जनावरांचा फिरता दवाखाना येतो. ती व्यायच्या आत त्यांच्या घरी हातमोजे आणि चुना पोचला पाहिजे, आणि वार कोण काढणार हे त्यांनी आधी ठरवलं पाहिजे.

दांडियाबाजारकर

बोललो. आधी गप्प झाले, मग म्हणाले आठवा लागलाय. मी उद्या चुलतभावाला घेऊन जातोय. हातमोज्यांचा डबा रेतनवाल्या भाऊंकडून घेतलाय, चुन्याची दोन पोती करजणलाच मिळतील. रक्त घ्यायला तालुक्याचे डॉक्टर दुपारी येणार आहेत. पॉझिटिव्ह आली तर गाय परत आणून आमच्या पश्चिमेच्या बाजूला बांधायची, घेतले तेवढे पैसे परत द्यायचे, हे चुलतभावानंच सुचवलं. डॉक्टरसाहेब, आठव्या महिन्यात टेम्पोत घालून आणणं बरोबर आहे का?

निवृत्त_पशुवैद्य

नाही. वाटेत गाभडली तर टेम्पो, रस्ता आणि चढवणारी-उतरवणारी माणसं सगळीच गुंतली. तिथंच वेगळी बांधा, तिथंच विऊ दे. स्राव पूर्ण थांबला आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी लेखी होकार दिला, की मग आणा.